ते मासे मी सोडले

आमच्या गावामागच्या तळ्यात आज जे काळे, खरखरीत, काटेरी मासे भरलेत, त्यातले पहिले मी सोडले. हे मी सभेत उभी राहून सांगितलंय, अंगणवाडीत जमलेल्या बायांना सांगितलंय, रिक्षा स्टँडवर कुणी विषय काढला तर तिथेही सांगते. आई म्हणते, "एकदा सांगितलंस ना? मग पुरे. सारखा काय ढोल वाजवतेस?" मी वाजवते. कारण मधली दोन वर्षं मी गप्प बसले होते आणि त्या दोन वर्षांत माझ्या गप्प बसण्याची किंमत दुसरीच बाई भरत होती.

बारावी झाल्यावर मी उल्हासनगरला कॅम्पातल्या एका फिशटँकच्या दुकानात कामाला लागले. आम्ही बदलापूर गावातले. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात होते, तो बंद पडला, आणि घरात कुणीतरी कमावणं भाग होतं. दुकान लांबट आणि अंधारं. दोन्ही भिंतींना टाक्या, त्यांच्यात निळे दिवे आणि दिवसभर मोटरींची गुरगुर. शेठ सिंधी, साठीला आलेले, गिऱ्हाइकाला ‘साईं’ म्हणायचे आणि मला ‘बेटी’. माणूस वाईट नव्हता. नवीन मासा पिशवीसकट टाकीत तरंगत ठेवायचा, दोन्ही पाण्यांचा गारवा सारखा झाला की मगच सोडायचा; मेलेला मासा गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत काढायचा; कुठल्या जाती एकमेकांचे पर कुरतडतात, हे सगळं त्यांनी मला उभं राहून शिकवलं.

आणि सकर विकायला शिकवलं. सकर म्हणजे बोटाएवढा काळपट मासा, अंगावर ठिपके, तोंड खालच्या बाजूला. काचेला तोंड लावून चिकटून बसायचा आणि तिथलं शेवाळ खायचा. रंगीत माशांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही शेवटी हा एक घ्यायला लावायचो. "भाभी, ये ले जाओ, टंकी धोने की झंझट खतम." मराठी गिऱ्हाईक असलं की मी म्हणायची, "काकू, हा घरचा सफाईवाला समजा." लोक हसायचे आणि घेऊन जायचे. त्याचा मूळ देश कुठला, हे मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला मासा तो. हे मला फार उशिरा, मोबाईलवर वाचून कळलं. पण तो बोटाएवढा राहत नाही, हाताएवढा आणि पुढे दीड फुटाचा होतो, हे शेठना ठाऊक होतं आणि सहा महिन्यांत मलाही कळलं. गिऱ्हाइकाला आम्ही ते सांगत नव्हतो.

मग मोठे झालेले मासे परत यायला लागले. पहिल्यांदा अंबरनाथच्या एक निवृत्त शिक्षिका बादली घेऊन आल्या. बादलीत सकर, कोपरापासून बोटांपर्यंत लांबीचा. त्या म्हणाल्या, "याने माझे दोन गोल्डफिश रात्रंदिवस चाटून चाटून मारले गं. याला कुठे टाकू? मारायला हात धजत नाही."

शेठ म्हणाले, "मॅडम, वापसी नहीं होती." बाईंचे डोळे भरले. त्या बादली दुकानातच ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी शटर ओढताना शेठ मला म्हणाले, "बेटी, तेरे गाँव में तालाब है ना? उसमें छोड़ दे. जीव बचेगा, पुण्य मिलेगा."

मी तो मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणला. तासभर पाण्याबाहेर होता, तरी जिवंत. तळ्याच्या वरच्या पायऱ्यांवर बसून मी गोणपाट सोडलं. तो दगडावरून घसरत पाण्यात गेला आणि शेपटीच्या एका झटक्यात दिसेनासा झाला. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन आईला कौतुकाने सांगितलं. आई रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जाणारी. ती म्हणाली, "चांगलं केलंस. जीवदान दिलंस." त्यानंतर दुकानात परत आलेला प्रत्येक सकर मी आणून तळ्यात सोडला. पाच वर्षं मी तिथे होते. किती सोडले, सांगता येणार नाही. मोजत नव्हते, कारण त्यात मोजण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं.

या तळ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आजोबांच्या लहानपणी आमच्या माणसांना वरच्या पायऱ्यांवर जायची बंदी होती. खालच्या अंगाला ढोरं उतरायची तिथून पाणी भरावं लागे. पुढे बौद्ध झाल्यावरही काही वर्षं तेच चाललं. मग बाबा आणि त्यांच्या वयाचे काही तरुण एका सकाळी कळशा घेऊन सरळ वरच्या पायऱ्यांवर गेले. मारामारी झाली. बाबांच्या भुवईवरची खूण तेव्हाची. नळ आल्यावर तळ्याचं पाणी प्यायची गरज कुणालाच उरली नाही, पण बाबा शेवटपर्यंत सकाळचं फिरणं त्या पायऱ्यांवर संपवायचे. पाण्यात पाय सोडून बसायचे. घाई असली तरी बसायचे. अशा पाण्यात मी ते मासे सोडत होते, आणि बाबांनी पाहिलं तेव्हा तेही हसले होते.

लग्न होऊन मी अंबरनाथला गेले. नवऱ्याशी जमलं नाही. सहा वर्षांनी बॅग उचलून माहेरी परत आले, अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. तोवर बाबा गेले होते. गावाच्या कडेने टॉवर उभे राहिले होते. तळ्याला पांढऱ्या-लाल पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक झाला होता, बाकडी आली होती, आणि वॉर्डातल्या पुढाऱ्यांच्या फोटोचा बोर्ड लागला होता.

त्या तळ्यावर एक कातकरी बाई पाग टाकायची. पाग म्हणजे गोल फेकायचं जाळं. डोंगराकडच्या वाडीवरून सकाळी चालत यायची, बारीक अंगाची, पन्नाशीची. तिची सासूही इथेच मासे धरायची. मरळ, शिंगटी, खवल, कधी वाम; पाटीत भरून दारोदार विकायची. कडेच्या चिखलातले खेकडेही काढायची. मी तिला मावशी म्हणायची. ती मला, सगळ्या बायकांना म्हणते तसं, ‘बाय’ म्हणायची.

एके दिवशी ती अंगणवाडीच्या दारात येऊन बसली. पाटीत एकही मासा नाही. पाग मांडीवर पसरून मला दाखवला. दोन ठिकाणी हाताएवढी भोकं.

"बाय, यो मासा कंचा, सांग. तू शिकलेली हाईस," ती म्हणाली आणि लुगड्याच्या पदराखालून एक मासा काढून समोर टाकला. "पाग टाकला का ह्येच येतात. काटं जाल्यात आरकतात. सोडवायला गेलं का जालं फाटतं नायतर हात. कालवणाला मासा गावत नाय आता. मरळीचं पिल्लू बघायला मिलत नाय."

फरशीवर सकर होता. अंगावर हाडांची कवचं, पाठीवर शिडासारखा पर. कल्ले हळूहळू हलवत होता. मी त्याला ओळखलं.

"माहीत नाही मावशी," मी म्हणाले.

ते खोटं मी दोन वर्षं सांभाळलं. सबब सांगत नाही. लाज वाटली, भीती वाटली, आणि वाटलं की एवढ्या मोठ्या तळ्यात माझ्या मूठभर माशांनी काय होणार. मधल्या काळात मोबाईलवर वाचत राहिले. तो काय खातो, कसा वाढतो, किती अंडी घालतो. तळाचं शेवाळ, किडे, दुसऱ्या माशांची अंडी, जे सापडेल ते ओरबाडतो. नर काठाच्या मातीत हातभर खोल बिळं खणतो, मादी त्यात अंडी घालते. तळ्याचं पाणी का गढूळ झालंय, तेही कळलं. एकदा ट्रॅकच्या कडेला मेलेला पाणकावळा दिसला. चोच उघडी होती आणि घशात सकर अडकला होता. काटे उभारल्यामुळे ना आत गेलेला, ना बाहेर आलेला. टॉवरमधून फिरायला येणारे लोक बाजूने वळून जात होते. मीही वळून गेले.

मग उन्हाळ्यात, पाणी खाली गेलं असताना, तळ्याचा मातीचा बांध खचला. नव्या ट्रॅकचा वीसेक पावलांचा तुकडा खाली बसला, एक बाकडं पाण्यात गेलं. दुसऱ्याच दिवशी बोलणं सुरू झालं. कातकरी बाया खेकड्यांसाठी बांध उकरतात, त्यांनीच बांध पोखरला. वॉर्डातले पुढारी, ज्यांनी तो ट्रॅक करून घेतला होता, तेच हे सांगत फिरत होते. रविवारी समाजमंदिरात सभा ठेवली. विषय होता, कातकऱ्यांना तळ्यावर बंदी.

शनिवारी सकाळी मी बांधावर गेले. खचलेल्या जागेपाशी साडी खोचून खाली उतरले. पाण्याच्या रेषेच्या जरा वर भोकंच भोकं दिसत होती, एकमेकांना लागून, आडवी, आतल्या बाजूला उतरत गेलेली. खेकड्याचं बीळ मला माहीत आहे, मी इथलीच आहे. ही तसली नव्हती. एका भोकात हात घातला. कोपर आत गेलं, तरी शेवट लागेना. मग बोटांना काहीतरी खरखरीत लागलं आणि ते आत सरकलं. मी हात आणखी खुपसला आणि त्याच्या शेपटीला धरून बाहेर ओढलं. तळहात फाटला. मासा सोडला नाही.

तिथेच चिखलात बसून मी ठरवलं. उद्या सांगायचं.

सभेला शंभरेक माणसं होती. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर बायका. मावशी आणि तिच्या वाडीवरच्या तीन बाया आत आल्याच नव्हत्या, दाराबाहेर चपलांच्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. पुढारी बोलले. गावाची शान, सुशोभीकरण, शिस्त, असं बरंच. शेवटी म्हणाले, "तर मग बंदीचा ठराव सर्वांना मान्य आहे असं..."

"मला नाही मान्य," मी मागून म्हणाले.

सगळे वळले. मी बादली घेऊन पुढे गेले. बादलीत पाणी नव्हतं. सकाळपासून नव्हतं. मी ती टेबलावर उपडी केली. सकर सभेच्या कागदांवर पडला. एक क्षण निपचित होता, मग शेपूट आपटली. पुढच्या रांगेतले दोघं उठून मागे सरले.

"हा बांध पोखरतो," मी म्हणाले. "भोकं बघायला चला, आत्ता चला. खेकड्याने अशी भोकं पडत नाहीत. मावशीची सासू इथे खेकडे धरत होती तेव्हा बांध खचला होता का? आणि हा मासा इथला नाही. फिशटँकमधला आहे. उल्हासनगरच्या दुकानात मी हे विकायची, आणि लोक परत आणायचे ते या तळ्यात मी सोडायची. आणखीही कुणी सोडले असतील. त्यांचं मला माहीत नाही. माझं माहीत आहे."

 मग एकदम गलका. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "म्हणजे हिनेच घाण केली!" पुढाऱ्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "ताई, तळं काय तुझ्या बापाचं आहे, वाटेल ते सोडायला?"

हा प्रश्न ते आयुष्यभर लोकांना विचारत आले असतील. उत्तराची सवय त्यांना नव्हती.

"हो," मी म्हणाले. "माझ्या बापाचं आहे. वरच्या पायरीवरून त्यांनी कळशी भरली तेव्हा भुवई फुटली होती त्यांची. या सभेत म्हातारी माणसं आहेत, दगड कुणी मारला ते त्यांना विचारा. बापाचं आहे म्हणूनच मी खराब केलं ते माझ्या तोंडाने सांगतेय. तुम्ही तुमच्या ट्रॅकबद्दल सांगाल का? कच्च्या बांधावर ब्लॉक टाकताना खाली काय भरलं होतं?"

मागच्या रांगेतून एक म्हातारबुवा उठले. शेतकरी, गावातल्या जुन्या घरातले, माझ्या बाबांशी आयुष्यात कधी नीट न बोललेले. मला वाटलं, आता हे मला शिव्या घालणार. ते काठी टेकत पुढे आले, टेबलावरच्या माशाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "असलं मी भातखाचरातपण बघितलंय. गेल्या पावसात. ही बाय खोटं नाय बोलत." आणि बाहेर निघून गेले.

ठराव झाला नाही. पण चौथ्या दिवशी तळ्यावर पत्र्याचा बोर्ड लागला, ‘मासेमारी व खेकडे पकडण्यास सक्त मनाई’. खाली कुणाचंही नाव नाही, शिक्का नाही.

मी मावशीच्या वाडीवर गेले. आधी तिच्यासमोर जे बोलायचं होतं ते बोलले. दोन वर्षांपूर्वी तू विचारलंस, मला माहीत होतं, मी खोटं बोलले. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मंग तवाच बोलली असती तं माझा पाग तरी वाचला असता." बस्स, एवढंच. तिने मला चहा दिला नाही, आणि मला तो मिळायलाही नको होता.

"उद्या येतेस का?" मी विचारलं. "मी उभी राहते तुझ्याबरोबर."

"तू उभी राहून काय करशील? पान्यात उतर," ती म्हणाली.

उतरले. कमरेएवढ्या पाण्यात. ती पाग फेकायची, मी ओढलेल्या पागातून सकर सोडवायची. हाताला जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे बांधले होते. ट्रॅकवरून पुढाऱ्यांचा एक कार्यकर्ता ओरडला, "बोर्ड दिसत नाही का?"

"दिसतो," मी म्हणाले. "कुणाच्या सहीचा आहे ते आणून दाखव, मग बोलू."

त्याने मोबाईलवर आमचा व्हिडिओ काढला. काढू दे. नंतर अंगणवाडीतल्या मुलांच्या दोघी आया आल्या, मग आमच्या आळीतल्या चौघी, पुढच्या आठवड्यात त्या म्हातारबुवांची सून फावडं घेऊन आली आणि बिळं उकरायला लागली. काम संपलं की मावशी ओला पाग वाळत घालायची. जवळपास झाड नाही. ती सरळ तो त्या मनाईच्या बोर्डावर टाकायची, दोन्ही बाजूंनी नीट ओढून. अक्षर दिसायचं नाही.

खरी भांडणं घरात झाली. काठावर सकरांचा ढीग पडायचा आणि ते मरायचे नाहीत. उन्हात तासन् तास कल्ले हलवत पडून राहायचे. तसं तडफडत ठेवणं मला सहन होईना. म्हणून मी लाकडी दांड्याने एकेकाच्या डोक्यावर मारायला लागले, एका घावात जाईल असं. आईला कुणीतरी सांगितलं. ती तळ्यावर आली, मी काय करतेय ते पाहिलं, आणि तशीच मागे वळली. घरी गेले तर ती तोंड भिंतीकडे करून बसलेली.

"रोज पंचशील म्हणतेस," ती म्हणाली. "पहिलं शील कोणतं?"

"हत्या करणार नाही."

"आणि मग?"

"आणि मग मी सोडले त्यांना. जीव वाचवला म्हणून. त्या एकाच्या जिवाबरोबर मरळी गेल्या, शिंगट्या गेल्या, पाणकावळा गेला, मावशीची भाकरी गेली. ते मारणं मला दिसलं नव्हतं, म्हणून मी स्वतःला चांगली समजत होते. हे मारणं दिसतंय, एवढाच फरक आहे, आई."

"त्यांचा काय दोष?"

"काहीच नाही. त्यांना मी आणलं. म्हणून दुसऱ्याच्या हातून मारवून घेणार नाही. मीच मारते."

आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी डब्याबरोबर तिने हळद आणि जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या दिल्या, हाताला बांधायला. तिला ते पटलं असं मी म्हणणार नाही. आजही ती तळ्याच्या त्या बाजूला येत नाही.

खाऊन संपवता येतील का, तेही करून पाहिलं. मावशीने एक निखाऱ्यावर भाजला, कवच दगडाने फोडलं, आतलं मांस चाखलं आणि थुंकली. "चिखोल," म्हणाली. शिवाय आता टॉवरचं सांडपाणीही तळ्यात येतं, म्हणून आम्ही तो विचार सोडला. खड्डे करून पुरतो. विहारामागच्या शेवग्याला आणि आंब्याला त्याचं खत होतं.

सकर संपले नाहीत. ते संपणार नाहीत. पुराच्या पाण्यातून खाचरात गेले, ओढ्यात गेले, ओढा नदीला मिळतो. हे मला कळतं. ‘मग कशाला मरमर करता?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात, त्यातले निम्मे बाकड्यावर बसून विचारतात. त्यांना मी सांगते, दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही दोन महिने बिळं फोडतो आणि अंडी काढतो, त्यामुळे बांध उभा आहे. गेल्या वर्षी मावशीच्या पागात सहा मरळी आल्या. सहाच. तिने त्यातल्या दोन परत सोडल्या आणि चार विकल्या. विकताना माझ्या दारात आली तेव्हा मला फुकट दिली नाही, हे मला फार आवडलं.

आता परवाची गोष्ट. संध्याकाळी एक गाडी ट्रॅकशी थांबली. टॉवरमधलं जोडपं. नवऱ्याच्या हातात निळा टब, टबात कासव, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं. असली कासवं मी दुकानात नाण्याएवढी असताना विकलीत. आता ते बशीहून मोठं होतं.

"इथे सोडू नका," मी म्हणाले.

"आंटी, आम्ही त्याला मोकळं करतोय. मारत नाही," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "फ्लॅटमध्ये बिचाऱ्याला जागा पुरत नाही."

"हे इथलं नाही. इथली पिल्लं खाईल, अंडी खाईल. तुम्ही आणलंय, तुम्ही सांभाळा. वीस-तीस वर्षं जगतं."

"तीस?" बायको पहिल्यांदाच बोलली.

"आम्हाला दुकानदाराने असं काही सांगितलं नव्हतं," नवरा म्हणाला.

"नसेल सांगितलं. मीही सांगत नव्हते. आता सांगतेय."

तो चिडला. टब बाकड्यावर ठेवला, "मग तुम्हीच ठेवा," म्हणाला, बायकोला गाडीत बसवलं आणि गेला. मावशी पाग गुंडाळत होती. तिने टबात डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी टब उचलला. टॉवर समोरच होता, गाडी आत जाताना मी पाहिली होती. गेटवर वॉचमनने विचारलं, "किधर जाना है?"

"जिसका कछुआ है, उसके घर."

तो हसला, पण त्याला कासव माहीत होतं. सातवा मजला, म्हणाला. लिफ्टमध्ये एक बाई आपल्या कुत्र्याला जवळ ओढून कोपऱ्यात सरकली. माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि चपलांना चिखल. सातव्या मजल्यावर मी बेल दाबली. दार बायकोने उघडलं. आतून नवऱ्याचा आवाज आला, "कोण आहे?"

ती टबाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला सोडायचंच नव्हतं. माझंच आहे ते. कॉलेजपासूनचं."

"मग सोडू नका," मी म्हणाले. "मोठी टाकी घ्या. उन्हात बसायला त्याला एक दगड लागतो. पालक देता का?"

"नाही. नुसते ते दाणे."

"पालक द्या. टबातलं जुनं पाणी कुठे टाकता?"

"बाथरूममध्ये ओतते."

"चालेल."

आतून पुन्हा आवाज आला, या वेळी जवळून, "अगं, कोण आहे दारात?"

तिने दोन्ही हातांनी टब घेतला. वजनाने जरा वाकली, मग सरळ झाली आणि मान वळवून आत म्हणाली, "माझ्याकडे आलेत. तू थांब जरा." आणि मला म्हणाली, "आत या ना. जागा कुठे करायची, ते दाखवा."

मी चपला बाहेर काढल्या आणि आत गेले.